सांधा नेमका कुठे तुटतो?

फॅब्रिकेशनच्या दुकानातून आर्गॉन मारून आणलेला ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट काही महिन्यांनी पुन्हा तुटला, तर तुटलेली जागा नीट निरखून पाहावी. वेल्डिंगचा टाका पुष्कळदा जसाच्या तसा असतो. तडा गेलेला असतो तो टाक्याच्या शेजारी, मूळ पत्र्यात, पाच-दहा मिलिमीटर अंतरावर. वेल्डरनं भरणीची तार योग्य निवडलेली असते, हात स्थिर असतो, टाका सुबक असतो; तरीही भाग जातो. ॲल्युमिनियमच्या बऱ्याच मजबूत मिश्रधातूंची ताकद मोजूनमापून दिलेल्या उष्णतेतून आलेली असते आणि वेल्डिंगची आच तीच ताकद काढून घेते.

फ्रिक्शन स्टर वेल्डिंग आणि त्यात कठीण कण मिसळून केलेले प्रबलित जोड, या दोन्हींकडे मी याच बाजूनं पाहतो. या विषयावर गेल्या दोन-अडीच दशकांत शोधनिबंधांचा पूर आला आहे. त्यातले बरेच ‘सांध्याचं काठिन्य इतकं वाढलं’ असं सांगून थांबतात. पण काठिन्य वाढणं आणि जोड मजबूत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या का, हे समजायला सांध्याच्या पोटात शिरावं लागतं.

आधी मुळातली अडचण. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्यावर हवेमुळे आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला दोन हजार अंशांहून जास्त तापमान लागतं. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची साय शाबूत राहते आणि तिचे तुकडे सांध्यात अडकतात. दुसरी अडचण हायड्रोजनची. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये जितका हायड्रोजन विरघळतो, त्याच्या साधारण विसावा हिस्साच घट्ट झालेल्या धातूत मावतो. थिजताना उरलेला वायू बुडबुडे धरतो आणि सांधा सच्छिद्र होतो. विमानांत वापरल्या जाणाऱ्या, तांबं किंवा जस्त मिसळलेल्या मिश्रधातूंत तर थिजता थिजताच तडे जातात. विमानाचा पत्रा पिढ्यान्‌पिढ्या रिव्हेट मारून जोडत आले, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

१९९१ मध्ये इंग्लंडात केंब्रिजजवळच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणींना वळसा घातला. धातू वितळवायचाच नाही, असं त्यांनी ठरवलं. घर्षणानं जोडण्याची पद्धत तोवर जुनी झाली होती. इंजिनाच्या व्हॉल्व्हची दांडी किंवा एखादा शाफ्ट गरगर फिरवून दुसऱ्या तुकड्यावर दाबला की दोन्ही टोकं तापून एकजीव होतात. पण त्यासाठी जोडायच्या वस्तूपैकी एक तरी फिरवता यावी लागते. लांबलचक प्लेट कशी फिरवणार? थॉमस यांनी फिरण्याचं काम तिसऱ्याच वस्तूवर सोपवलं, एका कठीण टूलवर. हीच फ्रिक्शन स्टर वेल्डिंग.

हे टूल म्हणजे पोलादाचा एक जाड दांडा. त्याच्या टोकाला किंचित खोलगट खांदा, आणि खांद्याच्या मधोमध आटे पाडलेली आखूड पिन. दोन प्लेटा कडेला कड लावून पोलादी बॅकिंग प्लेटवर घट्ट क्लॅम्प करतात. फिरती पिन दोन्ही कडांच्या मधोमध घुसवतात, खांदा पृष्ठभागाला टेकला की थोडा वेळ तिथेच फिरू देतात आणि मग सांध्याच्या रेषेवरून टूल पुढे सरकवतात. ६ मिलिमीटर जाडीच्या प्लेटसाठी समजा १८ मिलिमीटर व्यासाचा खांदा मिनिटाला १००० फेरे घेतोय, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ १ मीटर होतो. त्या घर्षणानं आणि धातूच्या मळल्या जाण्यानं तापमान ४०० ते ५०० अंशांपर्यंत चढतं. ॲल्युमिनियम मऊ पडतं, पण वितळत नाही. बुडबुड्यांचा प्रश्नच उरत नाही, भरणीची तार लागत नाही, वर वायूचं आवरणही लागत नाही. ऑक्साइडचा पापुद्रा फाटून धातूत विखुरला जातो.

धातू पिनच्या भोवती नेमका कसा वाहतो, हा या विषयातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग आहे. टूलची फिरण्याची दिशा आणि पुढे सरकण्याची दिशा एका बाजूला जुळतात आणि दुसऱ्या बाजूला एकमेकींच्या उलट असतात. त्यामुळे सांध्याच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. एकीकडे धातूवर जास्त ओढ बसते, दुसरीकडे कमी. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या के. कुमार आणि सतीश कैलास यांनी २००८ मध्ये दाखवलं, की इथे दोन प्रवाह असतात. एक पिन ओढून नेते, दुसरा वरून खांदा दाबत आणतो. पिननं मागे रिकामी केलेली जागा हे दोन्ही मिळून भरतात. खांद्याचा दाब कमी पडला, किंवा धातू पुरेसा तापायच्या आत टूल पुढे निघून गेलं, की प्रवाह एकमेकांना पुरते भेटत नाहीत आणि सांध्याच्या आत, पृष्ठभागाखाली, लांबच लांब बोगदा राहतो. वरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

आता असा जोड आडवा कापावा, घासून आरशासारखा करावा, ॲसिडनं हलकेच कोरावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. मधोमध पिननं ढवळलेला गाभा दिसतो. तिथे मूळ प्लेटमधले रोलिंगनं लांबट झालेले मोठे स्फटिक नाहीसे झालेले असतात. त्यांच्या जागी जेमतेम काही मायक्रॉनचे, सर्व बाजूंनी सारखे, नवे स्फटिक असतात. तापमान आणि प्रचंड विरूपण एकाच वेळी मिळाल्यानं जुने स्फटिक मोडून नवे जन्मलेले असतात. गाभ्यात बऱ्याचदा एकात एक वलयं दिसतात. त्यांच्यातलं अंतर टूल एका फेऱ्यात जितकं पुढे जातं तितकंच भरतं: मिनिटाला १००० फेरे आणि १०० मिलिमीटर चाल असेल तर दर वलयाला ०.१ मिलिमीटर. पिनचा प्रत्येक फेरा धातूत आपली नोंद ठेवून गेलेला असतो.

गाभ्याच्या दोन्ही अंगांना एक अरुंद पट्टा असतो. तिथले स्फटिक नवे झालेले नसतात, नुसते वाकून पिळवटलेले असतात. त्याच्याही पलीकडे येतो तो आचपट्टा. इथे पिन पोचत नाही, ढवळणं पोचत नाही. पोचते फक्त उष्णता. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली आचपट्टा मूळ धातूसारखाच दिसतो. स्फटिकांचा आकार तोच, मांडणी तीच. आणि तरीही जोड ओढून तोडला तर बहुधा इथेच किंवा याच्या सीमेवर तुटतो.

याचं उत्तर स्फटिकांच्याही खालच्या पातळीवर आहे. १९०६ मध्ये जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेट विल्म यांना आढळलं होतं, की तांबं आणि मॅग्नेशियम मिसळलेलं ॲल्युमिनियम तापवून एकदम थंड केलं आणि नुसतं ठेवून दिलं, तर काही दिवसांत ते आपोआप कठीण होतं. त्यातूनच ड्युरॅल्युमिन आलं. असं का होतं, याचा उलगडा व्हायला तीस वर्षं जावी लागली. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे गिनिए आणि ब्रिटनमध्ये जॉर्ज प्रेस्टन यांनी एकमेकांशी संबंध नसताना क्ष-किरणांच्या साहाय्यानं दाखवलं, की मिसळलेले अणू धातूच्या आत अतिसूक्ष्म पुंजके धरतात. धातू वाकतो, ताणला जातो, तो स्फटिकांतल्या अणूंच्या रांगांमधले दोष सरकत गेल्यामुळे. या दोषांना विस्थापनं म्हणतात. पुंजके त्यांची वाट अडवतात, आणि वाट जितकी अडेल तितका धातू मजबूत.

आपल्याकडे सायकलच्या फ्रेमपासून मशीनच्या फिक्श्चरपर्यंत सर्रास वापरली जाणारी ६०६१ ही मिश्रधातू घ्या. तिच्यात साधारण १ टक्का मॅग्नेशियम आणि ०.६ टक्का सिलिकॉन असतं. ५३० अंशांच्या आसपास तापवून ती पाण्यात बुडवतात, मग १६० ते १७५ अंशांवर आठ ते अठरा तास मुरू देतात. मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या सुया (अवक्षेप) तयार होतात, जाडीला काही नॅनोमीटर आणि लांबीला काही दहा नॅनोमीटर. या अवस्थेला टी६ म्हणतात. तिची ताणसहता सुमारे ३१० मेगापास्कल. याच मिश्रधातूचा अनील केलेला, सुया नसलेला नमुना जेमतेम १२५ मेगापास्कल सोसतो. म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या या सुयांची आहे.

वेल्डिंग होताना आचपट्टा ३०० ते ४०० अंशांपर्यंत तापतो. सुयांसाठी हे तापमान सर्वांत घातक. त्या विरघळत नाहीत, तर एकमेकींना गिळून जाड होतात. संख्येनं थोड्या आणि एकमेकींपासून दूर झालेल्या या जाड अवक्षेपांमधून विस्थापनं सहज निसटतात. गाभा त्याहून जास्त तापतो, तिथे सुया चक्क विरघळून जातात. पण विरघळलेले अणू धातूतच असल्यामुळे पुढच्या काही दिवसांत, घरच्या तापमानालाच, ते पुन्हा पुंजके धरू लागतात आणि काही ताकद परत येते. आचपट्ट्यातल्या जाड अवक्षेपांना मात्र परतीची वाट नाही. म्हणून सांध्याच्या आडव्या रेषेवर मिलिमीटर-मिलिमीटरनं काठिन्य मोजत गेलं, तर मूळ धातूत १०५ ते ११० विकर्स, आचपट्ट्यात ६० ते ७० च्या घरात घसरण, गाभ्यात थोडी चढ आणि पलीकडे पुन्हा तीच घसरण असा आलेख मिळतो. जपानच्या तोहोकू विद्यापीठातले सातो, कोकावा आणि सहकारी यांनी १९९९ मध्ये ६०६३ या भावंड मिश्रधातूवर काम करून स्पष्ट सांगितलं होतं, की हा आलेख ठरवतात ते अवक्षेप, स्फटिकांचा आकार नव्हे.

हे मुद्दाम ठासून सांगावंसं वाटतं, कारण गाभ्यातले बारीक स्फटिक पाहून मोह पडतो. स्फटिक बारीक झाले की धातू मजबूत होतो, हा हॉल आणि पेच यांचा १९५० च्या दशकातला नियम खराच आहे. पण ॲल्युमिनियममध्ये त्याचा प्रभाव बेताचा असतो. स्फटिक ५० मायक्रॉनवरून ५ मायक्रॉनवर आणले, दहापट बारीक केले, तरी पदरात पडतात साधारण वीस मेगापास्कल. सुया गेल्यानं गमावलेले असतात शंभराहून जास्त. व्यवहारात ६०६१-टी६ चा असा जोड मूळ प्लेटच्या ६० ते ८० टक्के ताकद देतो. १०० मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पट्टी सुमारे १९ टन ओढ सोसत असेल, तर तिच्यातला सत्तर टक्क्यांचा जोड तेरा-साडेतेरा टनांना हार मानतो. वितळवून केलेल्या जोडापेक्षा हे बहुधा बरंच चांगलं, पण मूळ धातूच्या बरोबरीचं नाही.

इथून पुढे कठीण कणांची गोष्ट सुरू होते, आणि तिच्या दोन शाखा आहेत.

पहिल्या शाखेत जोडायच्या प्लेटाच संमिश्राच्या असतात. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिनाचे कण दहा-वीस टक्क्यांपर्यंत मिसळले की धातू हलकाच राहतो, पण ताठ आणि झिजेला चिवट होतो. सिलिकॉन कार्बाइडचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या सहापट आहे. १९९६ च्या लोटस एलिझ या मोटारीला सुरुवातीला अशाच संमिश्राच्या ब्रेक डिस्क होत्या. अमेरिकेच्या एफ-१६ लढाऊ विमानाच्या पोटाखालचे पंख तडकू लागले, तेव्हा त्यांच्या जागी साडेसतरा टक्के सिलिकॉन कार्बाइड असलेल्या ॲल्युमिनियमचे पंख बसवले गेले. पण हे साहित्य वितळवून जोडणं म्हणजे ते नासवणं. वितळलेलं ॲल्युमिनियम सिलिकॉन कार्बाइडला खातं आणि ॲल्युमिनियम कार्बाइडच्या ठिसूळ सुया तयार करतं. त्या नुसत्या ठिसूळच नसतात. ओलावा लागला की पाण्याशी अभिक्रिया होऊन मिथेन सुटतो आणि सांधा आतून कुजत जातो. शिवाय थिजणारा धातू कणांना पुढे ढकलत नेतो, त्यामुळे ते एका जागी गोळा होतात.

न वितळवण्याचा फायदा सर्वांत उठून दिसतो तो इथे. तापमान वितळणबिंदूच्या खाली राहत असल्यानं ती घातक अभिक्रिया मागे पडते. पिन फिरताना मोठे कण फोडते, त्यांचे धारदार कोपरे झिजवते आणि त्यांना सारखे पसरवते. गाभ्यातलं संमिश्र मूळ प्लेटपेक्षा सुबक दिसतं, असं सूक्ष्मदर्शकाखाली सहज घडतं.

किंमत टूल मोजतं. सिलिकॉन कार्बाइड आणि ॲल्युमिना हेच पदार्थ आपण ग्राइंडिंग व्हीलमध्ये वापरतो. त्यांच्या दाट गर्दीतून पोलादी पिन फिरवायची, तर आटे गुळगुळीत होणारच. टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो इथल्या प्राडो, मर आणि सहकाऱ्यांनी वीस टक्के ॲल्युमिना असलेल्या ६०६१ वर या झिजेचा पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये एक सुंदर निरीक्षण मांडलं. पिन झिजत झिजत एका विशिष्ट आकाराला येते आणि मग झीज जवळपास थांबते. धातूच्या प्रवाहाला कमीत कमी आडवा जाणारा आकार तिला स्वतःलाच सापडतो. आटे गेलेल्या त्या पिननंही चांगले जोड झाले. झिजलेलं लोखंड मात्र सांध्यातच राहतं, हे विसरून चालत नाही. म्हणून लांब जोडासाठी टंगस्टन कार्बाइडसारखी महाग टूल्स घ्यावी लागतात.

दुसरी शाखा आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये फार लोकप्रिय आहे, कारण ती उभ्या मिलिंग मशीनवर करता येते. साध्या प्लेटा घ्यायच्या, जोडायच्या कडेवर बारीक खाच पाडायची, तीत सिलिकॉन कार्बाइड, ॲल्युमिना किंवा बोरॉन कार्बाइडची नॅनोभुकटी भरायची. भुकटी उडू नये म्हणून आधी पिन नसलेल्या टूलनं खाचेचं तोंड दाबून बंद करायचं, आणि मग खरं वेल्डिंग. ढवळताना भुकटी गाभ्यात मिसळते आणि फक्त सांधा संमिश्राचा होतो. या कल्पनेचं मूळ २००३ मधल्या एका कामात आहे. मिसूरी विद्यापीठाच्या रोला इथल्या राजीव मिश्रा, झेड. वाय. मा आणि इंद्रजित चरित यांनी ५०८३ या मिश्रधातूच्या पृष्ठभागात सिलिकॉन कार्बाइड ढवळून घातलं. ५० ते २०० मायक्रॉन जाडीच्या त्या थरात कणांचं प्रमाण २७ टक्क्यांपर्यंत गेलं आणि काठिन्य ८५ वरून १७३ विकर्सवर पोचलं. हा आकडा पुढे अनेकांना भुरळ घालत राहिला. तो पृष्ठभागाच्या पातळ थराचा आहे, प्लेटच्या पूर्ण जाडीच्या सांध्याचा नाही, हे सांगायचं मात्र राहून जातं.

पूर्ण जाडीत किती भुकटी जाते, याचा हिशेब कोणालाही करता येईल. खाच १ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर खोल असेल तर तिचं छेदक्षेत्र २ चौरस मिलिमीटर. ६ मिलिमीटर प्लेटमधला गाभा सरासरी ८ मिलिमीटर रुंद धरला तर ४८ चौरस मिलिमीटर. भुकटी कितीही दाबली तरी निम्मी जागा पोकळच राहते. म्हणजे गाभ्यात पोचणारे कण दोन टक्के, फार तर तीन.

इतक्या थोड्या कणांनी काय साधतं? कण नॅनो आकाराचे आणि सुटे-सुटे असतील तर पुष्कळ. विस्थापन अशा कणाला कापून जाऊ शकत नाही, त्याला वळसा घालून जावं लागतं. एगॉन ओरोवान यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या विचारानुसार या वळशाची किंमत दोन कणांमधल्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. ॲल्युमिनियमचे आकडे घालून ढोबळ गणित केलं, तर कण १०० नॅनोमीटर अंतरावर असताना सुमारे ७५ मेगापास्कलची भर पडते. अंतर १ मायक्रॉन झालं की ती साडेसातवर येते. १० मायक्रॉनला तिचं नावही घ्यायला नको. भुकटी बारीक हवी, यापेक्षाही ती विखुरलेली हवी, हे या गणितातून निघतं. दुसरा लाभ स्फटिकांच्या सीमांचा. नव्यानं जन्मलेले स्फटिक गरम असेपर्यंत वाढत जातात. कण त्यांच्या सीमांना धरून ठेवतात आणि वाढू देत नाहीत. तिसरा थंड होतानाचा: ॲल्युमिनियम सिलिकॉन कार्बाइडपेक्षा पाच-सहापट जास्त आकसतं, त्या ओढाताणीत कणांभोवती नवी विस्थापनं तयार होतात आणि धातू आणखी कडक होतो.

पण नॅनोभुकटीचा स्वभाव एकमेकांना चिकटून राहण्याचा. उकड काढताना उकळत्या पाण्यात तांदळाचं पीठ एकदम ओतलं की वरून ओली आणि आतून कोरडी गुठळी राहते, तसं इथे होतं. गुठळीच्या बाहेरच्या कणांना ॲल्युमिनियम भिडतं, आतल्या भुकटीपर्यंत धातू पोचतच नाही. ती जागा कागदोपत्री प्रबलित, प्रत्यक्षात भोक. ताण आला की तडा तिथूनच निघतो. एका फेरीत भुकटी वलयांमध्येच अडकते, एक थर कणांनी दाट आणि पुढचा विरळ. म्हणून त्याच रेषेवरून टूल दोनदा, तीनदा, चारदा नेतात, मध्ये फिरण्याची दिशाही उलटी करतात, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी ढवळणी मिळते. दर फेरीला गुठळ्या फुटतात, स्फटिक आणखी बारीक होतात.

आणि दर फेरीला आचपट्टा पुन्हा तापतो.

माझ्या मते या सगळ्या संशोधनाची मेख इथे आहे. ६०६१-टी६ च्या जोडात तुम्ही चार फेऱ्या मारून गाभा कितीही कणखर केलात, तरी ओढ लागल्यावर साखळीतला दुबळा दुवा आचपट्टाच राहतो, आणि तो तुमच्याच फेऱ्यांनी आणखी रुंद, आणखी मऊ केलेला असतो. गाभ्याचं काठिन्य चाळीस टक्क्यांनी वाढलं आणि जोडाची ताकद होती तिथेच राहिली, असा निकाल लागला तर त्यात आश्चर्य काही नाही. म्हणून या विषयावरचा कोणताही निकाल वाचताना मी आधी नमुना कुठे तुटला ते शोधतो. ते लिहिलेलं नसेल तर ताकदीच्या आकड्याला अर्थ लावता येत नाही. लांबण्याच्या टक्क्यांचंही तसंच. आडव्या नमुन्यात जवळपास सगळं ताणलं जाणं मऊ पट्ट्यात होतं, त्यामुळे पूर्ण नमुन्याची सरासरी काढून ‘जोड ठिसूळ झाला’ म्हणणं हा त्या पट्ट्यावर आणि गाभ्यावर दोघांवरही अन्याय आहे.

मग कण घालण्यात हशील कधी? जिथे गाभाच दुबळा आहे तिथे. जहाजबांधणीत वापरली जाणारी ५०८३ ही मिश्रधातू मुरवून नव्हे, तर थंड अवस्थेत रोलिंग करून मजबूत केलेली असते. तिच्या गाभ्यात ती रोलिंगची ताकद पुसली जाते. तिथे बारीक स्फटिक आणि त्यांना धरून ठेवणारे कण थेट उपयोगी पडतात. जिथे दोन भाग एकमेकांवर घासतात अशा पृष्ठभागावरही ते कामाचे, कारण तिथे ताणापेक्षा झीज महत्त्वाची. आणि तिसरी जागा मला सर्वांत आशेची वाटते. वेल्डिंगनंतर अख्खा भाग पुन्हा ५३० अंशांना तापवून, बुडवून, मुरवला तर सर्वत्र नव्या सुया तयार होतात आणि आचपट्टा हरवलेली ताकद परत मिळवतो. पण त्या तापमानाला गाभ्यातले इवलेसे स्फटिक अस्थिर होतात. काही स्फटिक शेजाऱ्यांना गिळत मिलिमीटरच्या मापाचे राक्षस होतात आणि सांधा वाकवला की फुटतो. नीट विखुरलेले नॅनोकण स्फटिकसीमांना जखडून ही अवाजवी वाढ रोखू शकतात. म्हणजे कणांचा मोठा उपयोग ते स्वतः भार उचलतात यात नाही, तर जोडाला पुढचा उष्णतोपचार सोसवतात यात आहे. या दिशेनं आपल्याकडे जास्त काम व्हावं असं मला मनापासून वाटतं.

कणांशिवायही आचपट्ट्याशी लढता येतं. टूल जलद पुढे नेलं तर धातूला तापायला वेळ कमी मिळतो आणि मऊ पट्टा अरुंद राहतो. फार जलद नेलं तर तो बोगद्याचा दोष. प्लेटा पाण्याखाली धरूनही वेल्डिंग करतात, त्यामुळे आच पसरायच्या आतच शोषली जाते.

प्रत्यक्ष उद्योगात ही प्रक्रिया केव्हाच रुळली आहे. १९९९ च्या ऑगस्टमध्ये असे जोड असलेला भाग घेऊन डेल्टा-२ रॉकेट उडालं. जपानच्या हिताचीनं रेल्वेच्या डब्यांच्या लांब पोकळ पट्ट्या याच पद्धतीनं जोडल्या. स्पेसएक्सच्या फाल्कन-९ च्या टाक्यांचे जोडही असेच. ही सगळी उदाहरणं साध्या, कण न घातलेल्या ॲल्युमिनियमची आहेत, हे लक्षात घ्यावं. आणि त्यांतही सूक्ष्मरचना किती नाजूक असते, हे नासाच्या स्पेस लाँच सिस्टिम रॉकेटनं दाखवून दिलं. न्यू ऑर्लिन्सच्या मिशू कारखान्यात त्याच्या टाक्या जोडताना पिनच्या घडणीत बदल केला गेला. त्यानंतरचे काही जोड अपेक्षित ताकदीला उतरले नाहीत आणि २०१७ च्या सुमारास जुन्या पिनकडे परतावं लागलं. मिश्रधातू आणि कारखाना तेच होते. पिन बदलली आणि धातूचा प्रवाह बदलला.

आपल्याकडे इस्रोच्या क्रायोजेनिक टाक्या २२१९ या मिश्रधातूच्या असतात आणि पुणे मेट्रोचे डबे ॲल्युमिनियमचे आहेत, तेव्हा मोठ्या ॲल्युमिनियम रचनांचा प्रश्न परका नाही. पण वीस मीटर लांबीच्या पट्टीवर खाच पाडून सर्वत्र सारखी नॅनोभुकटी भरणं आजच्या घडीला परवडणारं काम नाही. जोडलेला अख्खा डबा ५३० अंशांच्या भट्टीत घालून पाण्यात बुडवणंही शक्य नाही, तो वाकडा होऊन बाहेर येईल. त्यामुळे अशा रचनांमध्ये अभियंते आचपट्ट्याची ताकदच हिशेबात धरतात आणि सांध्याजवळ प्लेट मुळातच जाड ठेवतात. कण घातलेल्या जोडाचं क्षेत्र छोटं आहे: भट्टीत मावणारे ब्रॅकेट, पंपाची आवरणं, ब्रेकचे भाग, ज्यांचा सांधा वीतभर लांबीचा असतो आणि ज्यांना वेल्डिंगनंतर पुन्हा मुरवता येतं. तिथे भुकटी, फेऱ्या आणि भट्टी यांचा एकत्र हिशेब मांडून केलेला जोड मूळ धातूच्या जवळ जाऊ शकतो.